चौबळ मावशींची बाजू

कुंडी माझ्यापासून हातभर अंतरावर फुटली. कलकत्त्याच्या बेहाला भागातल्या त्या गल्लीत मी नुकतीच टेम्पोतून उतरले होते. हातात गॅसची शेगडी, खांद्याला लॅपटॉप, आणि पायाशी अचानक माती, खापऱ्या नि उन्मळलेलं गुलबक्षीचं रोप. वर पाहिलं तर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत पांढऱ्या केसांचं एक डोकं आणि जाड चष्मा. अशा वेळी माणूस पटकन डोकं आत घेतो. हे डोकं उलट आणखी बाहेर आलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, स्वच्छ बंगालीत म्हणालं, "कुंडी माझ्या हातून पडली. प्रमिला चौबळ, दुसरा मजला."

मग त्यांची नजर माझ्या खोक्यांकडे गेली. नाशिकहून निघताना आईने त्यांवर खडूने 'पापड, जपून' असं लिहिलं होतं. आवाज लगेच मराठीत आला. "लागलं का गं? लागलं असेल तर लागलं म्हण. मी नाही म्हणणार नाही."

लागलं नव्हतं. पण त्या दिवसापासून मी चौबळ मावशींची खालच्या मजल्यावरची भाडेकरू झाले, आणि पुढची सहा वर्षं त्यांच्या हातून काय काय झालं ते मला त्यांच्याच तोंडून कळत राहिलं. जिन्यात पाणी सांडलं की त्या स्वतः चार दारं ठोठावून सांगायच्या. आमटी खारट झाली की वाटीबरोबर निरोप यायचा, "मीठ दोनदा पडलंय. दोन्ही वेळा मीच टाकलंय." खिदिरपूरच्या एका जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं नकाशे काढले होते. तिथे ज्याने नकाशा काढला त्याची सही खाली उजव्या कोपऱ्यात असायचीच. बोल्ट चुकला तर कोणाकडे जायचं ते कळायला हवं. निवृत्त झाल्यावर नकाशे थांबले, सही चालूच राहिली.

त्यांचा जन्म बागबाजारचा. आजोबा नोकरीसाठी कलकत्त्याला आले ते तिथलेच झाले. "मराठ्यांना शहरात येऊ द्यायचं नाही म्हणून जिथून खंदक खणायला सुरुवात केली, नेमक्या तिथे माझा जन्म," असं त्या सांगायच्या. "खणणाऱ्यांचे कष्ट वाया गेले." महाराष्ट्रात त्या आयुष्यात चारदा गेल्या होत्या, चारही वेळा लग्नांना, आणि चारही वेळा तिथली मराठी ऐकून नाराज होऊन परतल्या होत्या. लग्न त्यांनी स्वतः केलं नव्हतं. का, असं मी एकदा विचारलं. "विचारायला यायचे ते वडिलांना विचारायचे. मी शेजारी बसलेली असायचे," म्हणाल्या.

हे मुद्दाम सांगते, कारण त्यांचा दुसरा स्वभावविशेष यात आला. त्यांच्या वतीने कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. मासळीबाजाराच्या तोंडाशी भाजी घेताना मी उत्साहाने म्हटलं, "मावशींना कोवळी भेंडी लागते." मावशींनी पिशवी खाली ठेवली. "मला निबर लागते," त्या भाजीवाल्याला म्हणाल्या, आणि खरोखर निबर भेंडी घेऊन घरी आल्या. ती भाजी दोन दिवस चघळत राहिल्या, पण हटल्या नाहीत. "माझं मला बोलता येतं," हे त्यांचं वाक्य. दिवसातून एकदा तरी ते कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला यायचं.

आता हालदारबाबूंच्या हॉर्नकडे येते.

बिमल हालदार समोरच्या घरात तिसऱ्या मजल्यावर राहायचे. गोल चेहऱ्याचे, गोड बोलणारे, बिस्किटांची एजन्सी असलेले गृहस्थ. त्यांची जुनी पांढरी गाडी होती आणि तिला त्यांनी कुठून तरी ट्रकचा वाजता हॉर्न बसवून घेतला होता. तीन कर्ण्यांचा. तो नुसता पों करत नसे, त्यातून एक चाल वाजायची. सात स्वर चढत जायचे आणि आठवा असा निघायचा की कोणीतरी म्हशीची शेपटी पिरगळली असावी. हालदारबाबू रोज दुपारी अडीचला जेवायला घरी येत आणि बायकोने वरून फाटकाची किल्ली टाकावी म्हणून तो वाजवत. बायकोला झोप लागलेली असे, म्हणून पुन्हा वाजवत. ती किल्ली टाके, ती गटाराजवळ पडे, मग आनंदाने एकदा वाजवत.

अडीच वाजता बेहाला झोपतं. भात खाऊन जी झोप येते तिला बंगालीत 'भातघुम' असा खास शब्द आहे, आणि ज्या भाषेत त्यासाठी शब्द आहे त्या भाषेतल्या माणसांना त्या वेळी उठवणं म्हणजे काय ते कोणालाही समजेल. पण गल्लीत बोलायची कोणाची तयारी नव्हती. हालदारबाबू दुर्गापूजेला सगळ्यांकडे बिस्किटांचा डबा पाठवत.

मावशींनी डबा परत पाठवला आणि पत्र लिहिलं. मग दुसरं लिहिलं. एकूण अकरा पत्रं गेली, सगळी सुवाच्य बंगालीत, सगळ्यांखाली पूर्ण नाव नि मजला. हालदारबाबू प्रत्येक पत्रानंतर भेटून हात जोडत आणि बंगाली रीतीने मावशी म्हणून हाक मारत, "माशिमा, किती सुंदर अक्षर आहे हो तुमचं." आणि अडीचला हॉर्न वाजे.

बाराव्या वेळी मावशींनी पत्र लिहिलं ते जरा वेगळं होतं. माघातली गोष्ट, ऊन छान पडलं होतं. मी घरूनच काम करत होते. तीनच्या सुमारास खिडकीतून पाहिलं तर मावशी हालदारबाबूंच्या गाडीपुढे सतरंजी अंथरून आडव्या झाल्या होत्या. मला वाटलं पडल्या. धावत गेले तर बंपरखालून आवाज आला, "रेवती, तो बारा नंबरचा पाना दे." मी दिला. हे मी पुढे कोर्टात कधी सांगितलं नाही आणि मला कोणी विचारलंही नाही.

त्यांनी हॉर्न काढला, वायरींची टोकं नीट गुंडाळून ठेवली, हॉर्न पदराखाली न झाकता सरळ हातात धरून रस्ता ओलांडला. त्याआधी वायपरखाली चिठ्ठी लावली. 'आपला हॉर्न मी काढून नेला आहे. तो सुखरूप आहे. दुपारी न वाजवण्याचे लेखी कबूल केल्यास परत मिळेल. प्रमिला चौबळ, दुसरा मजला.'

हालदारबाबूंनी चिठ्ठी वाचली आणि थेट ठाण्यात गेले. अक्षराची तारीफ यावेळी केली नाही.

संध्याकाळी दोन पोलीस आले. मावशींनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि हॉर्न आणून टेबलावर ठेवला. त्यांनी तो पुसून त्याला तेलाचा हात फिरवला होता. पोलिसाने जप्तीच्या कागदावर लिहिलं, 'हॉर्न एक, काळा.' मावशी म्हणाल्या, "कर्णे तीन, लांबी वेगवेगळी, मधल्याला पोचा. तो आधीचा आहे, माझा नाही." पोलिसाने ते सगळं लिहिलं. जाताना त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "या कायम अशाच असतात?"

मी म्हटलं, "हो."

चोरीचा गुन्हा दाखल झाला. वयाकडे बघून पोलिसांनी अटक केली नाही, पण कोर्टात जामिनाला मी उभी राहिले आणि तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली. ऐंशीला आलेली बाई. शिक्षा झाली तर? शिक्षा नाही झाली तरी वर्षानुवर्षं तारखा, ते जिने, ती बाकं. मी ऑफिसातल्या ओळखीने वकील शोधला. तपन गांगुली. अंगाने भरपूर, मनाने हळवे, खिशात कायम शेंगदाण्याची पुडी. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि शेंगदाणे चघळायचे थांबले.

"माशिमा, ही खंडणीची चिठ्ठी आहे."

"कशी काय?"

"वस्तू सुखरूप आहे, अमुक केलंत तर परत मिळेल, हे अजून कशात लिहितात?"

मावशींनी चिठ्ठी पुन्हा वाचून पाहिली. "मजकूर तसा आहे खरा," त्या म्हणाल्या. "पण खंडणी मागणारा मजला लिहीत नाही."

गांगुलींकडे दोन मार्ग होते. हालदारबाबू माफीनाम्यावर तडजोडीला तयार होते. मावशी म्हणाल्या, आधी अकरा पत्रांची उत्तरं द्या, मग बघू. तो मार्ग बंद झाला. दुसरा मार्ग म्हणजे, हॉर्न घरात सापडला म्हणून तो यांनीच काढला असं होत नाही, कोणी पाहिलेलं नाही, चिठ्ठीतलं अक्षर कोणाचंही असू शकतं, सरकारने सिद्ध करावं.

"पण मीच काढला," मावशी म्हणाल्या.

"ते तुम्ही बोलायचं नाही."

"मग कोणी बोलायचं?"

"मी. तुमची बाजू मी मांडणार. तुम्ही फक्त गप्प बसायचं."

"मी नाही काढला, ही माझी बाजूच नाही. ती तुमची बाजू आहे. तुम्ही काढला नाहीत, हे मला मान्य आहे."

गांगुलींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

पहिल्या तारखेलाच गोंधळ झाला. शिपायाने दारात उभं राहून पुकारा केला, "प्रोमिला चाउल!" बंगालीत चाउल म्हणजे तांदूळ. मावशी जागेवरून हलल्या नाहीत. पुन्हा पुकारा झाला. मी कोपराने ढोसलं. "तांदूळबाई आल्या नसतील," त्या म्हणाल्या. "मी चौबळ." तिसऱ्या वेळी गांगुलींनी शिपायाच्या कानात जाऊन उच्चार शिकवला आणि मग त्या उठल्या. मॅजिस्ट्रेट एक चाळिशीच्या बाई होत्या, शांत, थोडी सर्दी झालेल्या. त्यांनी गुन्हा कबूल आहे का विचारलं.

"काढला मी," मावशी म्हणाल्या. "चोरला नाही."

"म्हणजे कबूल की नाकबूल?"

"काढल्यापुरतं कबूल. चोरल्यापुरतं नाकबूल."

बाईंनी सुस्कारा टाकून नाकबूल असं लिहून घेतलं. गांगुली कपाळ पुसत बाहेर आले आणि मला जिन्यात गाठून म्हणाले, "यांना असंच बोलू दिलं तर या स्वतःला अडकवणार. एकच उपाय उरलाय. वय."

त्या उपायाबद्दल मला आजही लिहायला जड जातं, पण लिहायला हवं. गांगुली म्हणाले, डॉक्टरचं प्रमाणपत्र आणा. स्मरणशक्ती क्षीण झालीय, काय करतात ते कळत नाही, एवढंच. मॅजिस्ट्रेट एका मिनिटात सोडतील. मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे एकटीच गेले. मावशी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात, सांगितलं. एकदा गॅस चालू राहिला होता, सांगितलं. मला एकदा त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली, तेही सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवत लिहून दिलं. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. सगळी मिळून मात्र खोटी झाली होती. कागद घडी घालून मी पर्समध्ये ठेवला आणि मावशींना काही बोलले नाही. त्या संध्याकाळी त्यांनी मला नारळाच्या वड्या दिल्या आणि म्हणाल्या, "एक जळलीय, ती माझ्या बेसावधपणाने." मी जळलेली खाल्ली.

पुढच्या तारखेला हालदारबाबूंची साक्ष झाली. ते इस्त्रीच्या पंजाबीत, म्हणजे बंगाली कुडत्यात, आले होते. हॉर्न कसा आहे, असं विचारल्यावर म्हणाले, "मधुर आहे, मॅडम. सुरेल." गांगुली उलटतपासणीला उठले. "तुम्ही कोणाला हॉर्न काढताना पाहिलंत?"

"नाही."

"गल्लीत कोणी पाहिलं?"

"माहीत नाही."

"म्हणजे कोणीच पाहिलं नाही."

"मी पाहिलं," मागून मावशी म्हणाल्या. "मी तिथेच होते."

मॅजिस्ट्रेटनी त्यांना बसायला सांगितलं. गांगुलींनी मग घाईघाईने शेवटचा पत्ता काढला. कागद पुढे सरकवला आणि म्हणाले की आरोपी वृद्ध आहेत, त्यांच्या मनाचा तोल राहिलेला नाही, त्या दिवशी काय केलं याचं त्यांना भान नव्हतं, हे वैद्यकीय प्रमाणपत्र. मॅजिस्ट्रेटनी ते मोठ्याने वाचलं. चष्मा, गॅस, बहिणीचं नाव.

मावशी गांगुलींकडे बघत होत्या. मग त्यांना कळलं की ही माहिती गांगुलींना असूच शकत नाही. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. बोल्ट चुकल्यावर नकाशाच्या कोपऱ्यातली सही शोधावी, तसं पाहिलं त्यांनी.

मग त्या उभ्या राहिल्या. "मॅडम, मला एक विचारायचंय. वकीलपत्रावर सही कोणाची असते?"

"तुमची."

"ती मी परत घेऊ शकते?"

मॅजिस्ट्रेटनी रुमाल नाकावरून बाजूला केला. "घेऊ शकता. पण वकिलाशिवाय तुमचं नुकसान होऊ शकतं. समजतंय ना तुम्हाला?"

"समजतंय. या कागदाप्रमाणे समजायला नको, पण समजतंय." त्या गांगुलींकडे वळल्या. "तुम्ही चांगले गृहस्थ आहात. तुम्ही माझ्यासाठी फार धडपडलात. पण मला वेडी ठरवून सोडवू नका. त्यापेक्षा शहाणी ठरवून शिक्षा होऊ द्या."

गांगुलींच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्यांदाच त्यांना कोणा अशिलाने इतक्या आदराने काढून टाकलं असावं. ते बाजूच्या बाकावर जाऊन बसले, आणि तासभर तिथून हलले नाहीत. दुसऱ्या कोर्टात त्यांचं नाव पुकारलं गेलं तरी नाही.

मावशींनी पिशवीतून गुंडाळी काढून टेबलावर पसरली. तो हॉर्नचा नकाशा होता. समोरून, बाजूने, वरून, प्रमाणात काढलेला, खाली उजव्या कोपऱ्यात सही. कोणता नट आधी सोडला, कोणता नंतर, वायर कुठे गुंडाळली, हे सगळं क्रमाने सांगायला त्यांनी सुरुवात केली. "भान नसलेल्या बाईला हे जमेल का?"

"पण तुम्ही स्वतःविरुद्ध पुरावा देताय," मॅजिस्ट्रेट म्हणाल्या.

"पुरावा कोणाविरुद्ध जातो ते मी बघितलं नाही. बरोबर आहे की नाही, तेवढंच बघितलं."

मग त्यांनी अकरा पत्रांच्या नकला काढल्या आणि हालदारबाबूंना विचारलं, ही मिळाली का. मिळाली. उत्तर दिलं का. नाही. का नाही? हालदारबाबू घुटमळले. "मला वाटलं, माशिमांना लिहायची हौस आहे."

"आणि हॉर्न मधुर आहे?"

"मधुर आहे."

मावशी मॅजिस्ट्रेटकडे वळल्या. "मुद्देमाल समोरच आहे, मॅडम. ऐकून बघावा, अशी विनंती आहे."

सरकारी वकिलांनी हरकत घेतली. हॉर्न चालायला बॅटरी लागते, असंही म्हणाले. यावर बाकावरून गांगुली उठले, कोणाला काही न बोलता बाहेर गेले, आणि दहा मिनिटांनी स्वतःच्या गाडीची बॅटरी पोटाशी धरून, काळा कोट तेलकट करून, धापा टाकत परत आले. "मी आता कोणाचाच वकील नाही," ते म्हणाले. "पण मलाही ऐकायचाय." मॅजिस्ट्रेटनी घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजायला आले होते. कदाचित त्यांनाही बेंचवर झोप येत असावी. "एकदाच," त्या म्हणाल्या.

मावशींनी वायरी जोडल्या.

बंद खोलीत तो हॉर्न काय करेल याचा आमच्यापैकी कोणीच विचार केला नव्हता. सात स्वर चढले. वाशांवरची कबुतरं एकदम उडाली. दाराशी उभ्या उभ्या डुलकी काढणाऱ्या शिपायाने डोळे मिटूनच खाडकन सलाम ठोकला. आठवा स्वर निघाला तेव्हा कोर्टाचे कागद सांभाळणारा पेशकार टेबलाखाली होता. आणि वायर अडकली. मावशी ती ओढत होत्या, ती निघत नव्हती, आणि म्हैस पुन्हा पुन्हा शेपटी पिरगळून घेत होती. शेजारच्या कोर्टातले न्यायाधीश, वकील, आणि एका शिपायाने दंडाला धरलेला एक पाकीटमार, असे सगळे आमच्या दारात जमले. पाकीटमाराचे दोन्ही हात मोकळे होते, पण ते त्याने कानांवर ठेवले होते, त्यामुळे कोणाला खिशाची काळजी नव्हती.

शेवटी वायर निघाली. शांतता झाली. हालदारबाबू साक्षीच्या पिंजऱ्यात दोन्ही हातांनी कान दाबून, डोळे घट्ट मिटून उभे होते.

"श्री. हालदार," मॅजिस्ट्रेट म्हणाल्या, "कसा वाटला?"

त्यांनी एक डोळा उघडला. "एतो जोरे?" ते हळूच म्हणाले. इतका मोठा? "मॅडम, मी कायम हॉर्नच्या मागे बसतो. आवाज पुढे जातो. मी हा समोरून कधी ऐकलाच नव्हता."

त्यांचा चेहरा पाहून मला त्यांची दया आली. मावशींनाही आली असावी, कारण त्यांनी स्वतःची पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली. हालदारबाबू पाणी प्यायले आणि त्यांनी तक्रार मिटवून टाकायची परवानगी मागितली. माफीनामा नको म्हणाले. हॉर्नही नको म्हणाले. मॅजिस्ट्रेटनी आनंदाने होकार दिला आणि लिहायला घेतलं. सगळं संपलं होतं. मी पर्स उचलली.

"एक मिनिट," मावशी म्हणाल्या. "आणि तो कागद?"

"कोणता?"

"मी शुद्धीवर नाही, असं म्हणणारा. खटला मिटेल, कागद फायलीत राहील. आणि मलाही काही कबूल करायचंय. मी यांची वस्तू यांना न विचारता काढली, ते चूक होतं. पण ती चूक मी वेडाच्या भरात केली नाही. नीट विचार करून केली. तसं लिहावं."

मॅजिस्ट्रेटनी लिहिलेला कागद पुन्हा पुढे ओढला. मग आदेशात एक वाक्य जास्तीचं लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. आरोपी संपूर्ण शुद्धीवर असून विचारपूर्वक वागतात, असे या न्यायालयास प्रत्यक्ष दिसून आले. मावशींनी ते दोनदा वाचायला लावलं. "विचारपूर्वक" हा शब्द आल्यावर त्यांनी मान डोलावली.

घरी येताना मेट्रोत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पुढचे नऊ दिवस बोलल्या नाहीत. वाटीतून काही आलं नाही. दहाव्या दिवशी मी वर गेले आणि दारातच म्हटलं, "मावशी, प्रमाणपत्र मी आणलं."

"माहीत आहे."

"मला भीती वाटली होती. तुम्हाला वाचवायचं होतं."

"मला कुठे वाचवत होतीस?" त्या म्हणाल्या. चष्मा काढून पुसत होत्या. "माझ्या जागी एक बिचारी म्हातारी उभी केलीस आणि तिला वाचवलंस. माझं काय करायचं ते मला विचारायचं राहिलंच." मग चष्मा डोळ्यांवर चढवून, "बस. चहा टाकलाय. साखर घालायची विसरले असेन, तर डॉक्टरला सांगू नकोस." आणि हसल्या. मी हसता हसता रडले, आणि त्या दिवशीचा चहा खरंच बिनसाखरेचा होता.

त्यानंतर त्या तीन वर्षं होत्या. हालदारबाबू रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे गप्पा मारायला यायला लागले, गांगुली महिन्यातून एकदा. वकिलाला काढून टाकून त्याच्याशीच मैत्री ठेवणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. गांगुली त्यांना आपल्या खटल्यांच्या गोष्टी सांगत आणि मावशी प्रत्येक वेळी विचारत, "पण आरोपीचं काय म्हणणं होतं?" बहुतेक वेळा गांगुलींना ते माहीत नसे. पुढच्या वेळी विचारून यायचे.

मग त्यांच्या हृदयाची एक झडप निकामी झाली. पायांना सूज, दोन पावलांत धाप. हॉस्पिटलात तरुण सर्जन मला बाहेर घेऊन आला. ऑपरेशन करता येईल, म्हणाला, जोखीम आहे, पण केलं नाही तर फार महिने नाहीत. "तुम्हीच जवळच्या ना? काय ठरवताय?"

माझं ठरलं होतं. करा, म्हणायचं होतं. शब्द ओठांवर होता. मी म्हटलं, "त्या आत जाग्या आहेत. त्यांना विचारा."

तो आत गेला. अर्धा तास आत होता. झडप कशी असते ते मावशींनी त्याच्याकडून कागदावर काढून घेतलं, प्रमाण चुकलंय म्हणून सांगितलं, त्याच्याकडून दुसऱ्यांदा काढून घेतलं, आणि सगळं समजून घेतल्यावर म्हणाल्या, "नको." सर्जन चेहरा पाडून बाहेर आला. "तुम्ही समजवा ना त्यांना," म्हणाला. मी आत गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला काय वाटत होतं ते माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतंच.

"तुला पटलं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही पटलं."

"चालेल."

मी त्यांची बॅग भरली, चप्पल शोधली, आणि त्यांना घरी घेऊन आले. अडीच महिने मी त्यांच्या शेजारच्या खोलीत झोपले, आणि त्यातला एकही दिवस असा नव्हता की मला वाटलं नाही, आता बोलावं, आता समजवावं. मी बोलले नाही. माझ्या आयुष्यात मी केलेलं ते सगळ्यात कठीण काम होतं. भाद्रपदात एका सकाळी, उशीला टेकून वर्तमानपत्र वाचत असताना, त्या गेल्या. मी स्वयंपाकघरात होते. पान उलटल्याचा आवाज आला, आणि मग पुढचं पान उलटलं नाही.